छाप आणि माल

दिवाळी अंक हाती पडला की तो कोठून वाचावयास घ्यावा, याबद्दल मराठी घरांत कधीच एकमत नसते. कोणी आधी व्यंगचित्रे पाहतो, कोणी राशिभविष्य. ज्याने स्वतः एखादी कविता पाठविलेली असते, तो अनुक्रमणिकेवर झडप घालतो. आमची आत्या मात्र पहिल्या पानापासून सुरुवात करते, म्हणजे जाहिरातींपासून. मुखपृष्ठ उलटले की सोन्याचांदीची पेढी, मग बँक, मग तेल, मग मसाले, मग साड्या, असे एकेक पान ती सावकाश वाचीत जाते. संपादकीय येईपर्यंत तिचा पहिला चहा संपलेला असतो. "हे लोक काय विकतात ते बघावं, मग बाकीचे काय लिहितात ते बघावं," असे तिचे म्हणणे. मी इतकी वर्षे पुस्तकांवर परीक्षणे लिहिली, पण वाचनाचा इतका शहाणा क्रम मला सुचला नव्हता.

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेथून आपण ही परंपरा मोजतो. या शतकाहून अधिक काळात दिवाळी अंकांतील कथेवर चर्चा झाली, कवितेवर झाली, मुखपृष्ठावरील बायकांच्या चेहऱ्यांवरदेखील झाली. परंतु या अंकांतून दरवर्षी नेमाने प्रसिद्ध होणारे आणि सर्वांत जास्त वाचले जाणारे जे वाङ्मय, त्याकडे कोणा टीकाकाराने ढुंकून पाहिल्याचे आठवत नाही. जाहिरात हेच ते वाङ्मय. अंकाच्या किमतीत कागदाचा खर्चदेखील निघत नाही, हे प्रत्येक संपादक सांगतो. उरलेले पैसे जाहिरातदार देतो. म्हणजे आपली कथा आणि आपली कविता ज्याच्या खांद्यावर बसून घरात येते, त्याच्याविषयी आपण बोलत नाही. प्रस्तुत लेखही त्याच खांद्यावर बसून वाचकांकडे येत आहे, हे आधीच कबूल केलेले बरे.

जाहिरातीला वाङ्मय म्हटल्याने कोणाचा सोवळेपणा दुखावला जाऊ नये. शब्द निवडून, त्यांना ताल देऊन, वाचणाऱ्याच्या मनात काही एक उत्पन्न करावयाचे, हा तर कवीचाच उद्योग. कवितेतून जे उत्पन्न होते त्याला आपण रस म्हणतो, जाहिरातीतून जे उत्पन्न होते त्याला गरज म्हणतो, एवढाच काय तो फरक. तेव्हा टीकाकाराने कवितेला जे प्रश्न विचारावेत तेच येथेही विचारावेत. बोलणारा कोण आहे? कोणाशी बोलतो आहे? काय सांगतो आहे, आणि सांगता सांगता काय गाळतो आहे?

जाहिरात आणि वाङ्मय यांची सोयरीक आपल्याकडे किती जुनी आहे, याचा मोठा पुरावा म्हणजे 'किर्लोस्कर' मासिक. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा शेतकरी त्याला हात लावीना. लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती. पहिले चाळीस नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे छोटे पत्रक सुरू केले. कारखान्याची खबर गिऱ्हाइकांना आणि अडत्यांना कळावी, हा त्याचा हेतू. म्हणजे जन्माने ती जाहिरातच. पण ही जाहिरात वाढत वाढत विचारांचे मासिक झाली. तिच्याच घरात १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' जन्मले, आणि सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंधही याच घराण्याच्या पानांवर आले. नांगर विकण्यासाठी निघालेल्या कागदाने मराठी मध्यमवर्गाच्या डोक्यात नांगर घातला, असे कोणी म्हटले तर ते कोटीबाजपणाचे होईल, पण खोटे होणार नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नांगराच्या जाहिरातीला वाद घालावा लागला. समोर एक समजूत होती, ती खोडून काढावयाची होती, आणि ती खोडून काढावयाची तर कारणे द्यावी लागत, शेतात नांगर चालवून दाखवावा लागे. गिऱ्हाइकाच्या बुद्धीला गृहीत धरल्यावाचून हे होत नाही. ज्या जाहिरातीला वाद घालावा लागतो ती वाचकाला प्रौढ समजते. हळूहळू जाहिरातीने वाद घालणे सोडून दिले, आणि मला वाटते, गोष्ट बिघडावयास तेथून सुरुवात झाली.

आमचे आटगाव हे मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचे, आसनगावच्या पुढचे स्टेशन. शहापूर तालुका, ठाणे जिल्हा. १८६१ साली रेल्वे कसाऱ्याला पोहोचली ती आमच्या अंगणावरूनच गेली, आणि १८९२ साली पुऱ्या झालेल्या तानसा तलावाचे पाणी मुंबईला जाते तेही आमच्याच रानातून. आमच्याकडून मुंबईला काय गेले याचा हिशेब सोपा आहे: पाणी, लाकूड, भात, रानभाजी आणि माणसे. मुंबईकडून आमच्याकडे काय आले याचा हिशेब मात्र अवघड, कारण त्यात बरेचसे नुसते नावच होते.

चहाचेच घ्या. आज ठाकूरवाडीत पाहुणा गेला तर त्याच्या पुढ्यात कोरा चहा येतो. चहा विचारला नाही तर घराची अब्रू जाते. हा रिवाज आजोबा-पणजोबांपासूनचा आहे अशीच कोणाचीही समजूत व्हावी. वस्तुतः चहा हा या देशात प्रचाराने पाजला गेला. १९०३ साली निर्यातीच्या चहावर उपकर बसविण्यात आला आणि त्या पैशांतून चहाचा प्रसार सुरू झाला. पुढे जगभर मंदी आली, परदेशात माल खपेना, तेव्हा मळेवाल्यांचे लक्ष येथल्या कोट्यवधी तोंडांकडे अधिकच वळले. रेल्वे स्टेशनांवर मुलाम्याच्या पत्र्याच्या पाट्या लागल्या, त्यांवर चहा कसा करावा याची कृती देशी भाषांतून चित्रांसह लिहिलेली असे. गावोगाव फुकट पेले वाटले गेले. आज आपण त्या पाटीवरच्या कृतीने चहा करीत नाही. दूध, साखर, आले, गवती चहा घालून आपण तो आपला करून टाकला. जाहिरातीने पेला हाती दिला, पण त्यात काय उकळावयाचे ते शेवटी चुलीने ठरविले. जाहिरातीची सत्ता मोठी खरी, पण ती म्हणतात तितकी अमर्याद नाही, हे सांगावयाला एवढे उदाहरण पुरे आहे.

आता छापाविषयी. 'ब्रँड' हा शब्द हल्ली शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे, पण आपला जुना शब्द 'छाप' हा अधिक प्रामाणिक वाटतो. घोडा छाप, चावी छाप, माकड छाप. ज्याला अक्षर येत नाही त्याने वस्तू कशी ओळखावी, या अडचणीतून हा शब्द निघाला. वाण्याकडे गेलेले पोर 'माकडाची पूड द्या' म्हणे आणि त्याला काळे दंतमंजनच मिळे. छाप म्हणजे मालाने दिलेली जबानी: कालचा मीच, आजचाही मीच. यात वाईट काय? उलट सुट्या मालात रवा-मैद्याची, तेला-तुपाची जी भेसळ चाले, तिच्यापुढे बंद डबा ही गरिबाला मोठीच हमी होती. जाहिरातीच्या नावाने सरसकट बोटे मोडणारे विद्वान ही गोष्ट विसरतात. त्यांनी कधी सुटी हळद विकत घेतलेली नसावी.

या चित्रांच्या भाषेवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एकदा फार सुंदर टीकालेखन केले आहे, आणि ते साहित्याच्या विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखे आहे. खटला होता पार्ले कंपनीचा, म्हैसूरच्या एका बिस्किटवाल्याविरुद्ध, निकाल १९७२ सालचा. पार्लेच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर पाण्याची बादली घेतलेली मुलगी, भोवती गाई-कोंबड्या, मागे घर आणि झाडे. दुसऱ्याच्या वेष्टनावरही मुलगी, पण हिच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा, आणि भोवती पुन्हा गाई-कोंबड्या. खालच्या न्यायालयांनी फरक मोजले आणि दोन्ही वेष्टने निराळी ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की दोन वेष्टने शेजारी ठेवून फरक मोजण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक दुकानात येते ते डोक्यात एक धूसर ठसा घेऊन, आणि त्या ठशाला जे जुळेल ते उचलून घरी जाते. निकाल पार्लेच्या बाजूने लागला. वाचकाच्या मनावर समग्र ठसा काय उमटतो तेच खरे, सुटे तपशील नव्हेत, हा विचार समीक्षेत मांडताना आम्ही केवढे जड ग्रंथ उघडतो! न्यायमूर्तींनी तो बिस्किटाच्या पुड्यावर सिद्ध केला.

आमच्या स्टेशनाबाहेरच्या दुकानात आजही हा खटला रोज चालतो, फक्त न्यायाधीश नसतो. रंग तोच, अक्षरांची वळणे तीच, नावातला एखादा काना इकडचा तिकडे. शेठला विचारले तर तो हसून म्हणतो, "मास्तर, गिऱ्हाईक रंग मागतं, नाव मागत नाही." आणि दुकानाच्या दाराला पुड्यांच्या माळा लोंबत असतात, शाम्पूच्या, केसांच्या तेलाच्या, कपड्यांच्या पावडरीच्या. ही पुडीची युक्ती दक्षिणेकडची. तमिळनाडूतल्या कडलूरच्या रंगनाथन यांनी १९८३ साली 'चिक' शाम्पू काढला आणि तो पुडीतून खेडोपाडी नेला. मी बरीच वर्षे समजत होतो की पुडी म्हणजे गरिबाची लूट, थोडे थोडे घेतो म्हणून तो जास्त मोजतो. एकदा पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब केला तेव्हा कित्येक शाम्पूंची बाटलीच पुडीपेक्षा महाग निघाली. विद्वत्तेला असे धक्के अधूनमधून बसलेले बरे. लूट आहे, पण ती दुसरीकडे आहे. पाच रुपयांचा पुडा पाच रुपयांचाच ठेवतात आणि आतला माल कमी करीत नेतात. वजन कायद्याप्रमाणे छापलेले असते. वाचतो कोण?

पण हे सारे वाण्याच्या तराजूतले. टीकाकाराचे खरे काम शब्दांशी आहे, तेव्हा शब्दांकडे वळतो.

'अस्सल', 'शुद्ध', 'पारंपरिक', 'घरगुती' हे चार शब्द जाहिरातीतून काढून टाकले तर आजच्या मराठी जाहिरातीचा निम्मा डोलारा कोसळेल. त्यांतही 'घरगुती' हा शब्द पाहावा. घरात केलेल्या चकलीला कोणी घरगुती म्हणत नाही, नुसती चकली म्हणतात. वस्तू घराबाहेर पडली, कारखान्यात गेली, की तिला 'घरगुती' हे विशेषण चिकटते. जे हरवले त्याचेच नाव आपण मोठ्याने घेतो, हा भाषेचा जुना स्वभाव. दातांचेही असेच झाले. कोळशाची राखुंडी आणि मीठ म्हणजे अडाणीपणा, अशी शिकवण जाहिरातींनी आमच्या आईबापांना दिली, आणि आता त्याच पेस्टांच्या नळ्यांवर मीठ आणि कोळसा यांची नावे ठसठशीत अक्षरांत झळकतात. आमच्या आत्याने याचा निकाल एका वाक्यात लावला: "आमची राखुंडी नेली, नळीत भरून परत आणली."

याच्या उलट, पुण्या-मुंबईच्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी. तिची टिंगल पुष्कळ झाली आहे. मला मात्र ती मराठी जाहिरातीतली सर्वांत सरस ओळ वाटते. तिच्यात एकही विशेषण नाही. ती आपल्या मालाची स्तुती करीत नाही, केवळ दुसऱ्याची शक्यता नाकारते. गिऱ्हाइकाला आर्जव तर नाहीच, किंचित दरडावणीच आहे. आणि तरी ओळीच्या पोटात सगळे आले: आमची नक्कल होते, म्हणजे आम्ही चांगले आहोत.

चेहऱ्याची जाहिरात याहून वेगळी. १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, भारतीय नटीने हा साबण मिरविण्याची ती पहिली वेळ. तेव्हापासून साबण मळ काढतो की नाही, हा प्रश्नच मागे पडला.

साबणाचा विषय निघालाच आहे आणि दिवस दिवाळीचे आहेत, तेव्हा मोती साबणाला ओलांडून जाता येणार नाही. हा साबण मुळात टाटा ऑईल मिल्सचा. नव्वदच्या दशकात ती कंपनी हिंदुस्थान लिव्हरमध्ये विलीन झाली आणि साबण तिकडे गेला. इतर साबण वर्षभर खपतात, हा महाराष्ट्रात नरकचतुर्दशीच्या मुहूर्तावर खपतो. पहाटे दारोदार फिरून लोकांना उठविणारा एक म्हातारा गृहस्थ त्याच्या जाहिरातीत आहे, तो वाचकांना ठाऊक असेलच. या जाहिरातीचे रसग्रहण केले तर काय आढळते? ती साबणाविषयी जवळजवळ काहीच सांगत नाही. ती पहाटेविषयी सांगते. काळोख, थंडी, शेजारपाजार, तोंडावरची झोप, आणि सर्वांनी एका वेळी उठावे ही हाक. ही पहाट कंपनीची नव्हे, ती आपल्या आयांची होती. न्हाणीघरात पेटलेली चूल, तिळाचे तेल, उटणे, आणि पायाच्या अंगठ्याखाली फोडावयाचे कारीट. कंपनीने एवढेच केले की आपल्याच आठवणीच्या कोनाड्यात एक गोल वडी ठेवून दिली. आता कोनाडा आठवला की वडी आठवते.

ही चोरी आहे काय? मी बराच विचार केला. आत्या तर दरवर्षी तीन वड्या आणविते आणि वर्षभर धाकट्या नातवंडांना त्यांचा वास देत बसते. ज्या पहाटेला आता न्हाणीघरच उरले नाही, त्या पहाटेचा वास तेवढा त्या वडीत टिकून आहे, हेही खरे. माझा आक्षेप वडीला नाही. माझा आक्षेप कारिटाच्या गैरहजेरीला आहे. आमच्या बांधावर कारिटाचे वेल आपोआप चढत. त्यांची जाहिरात कोणी करणार नव्हते, कारण त्यांत कोणाचा नफा नव्हता. सणाच्या ज्या भागात कोणाचा नफा नाही तो भाग हळूहळू गळतो आणि ज्याला जाहिरातदार आहे तो तेवढा उरतो. आता कल्याण स्टेशनाबाहेर रानातल्या बाया तीच कारिटे वाट्यावर विकावयास बसतात, आणि आटगावचा माणूस संध्याकाळच्या लोकलने ती विकत घेऊन येतो.

त्याच बाया पावसाच्या तोंडाला शेवळे घेऊन येतात. शेवळाची भाजी घशाला खाजते, तिच्याबरोबर काकडे घालावी लागतात. कोणती शेवळे घ्यावीत, किती शिजवावीत, हे विकणारीच सांगते. एका सकाळी मी फलाटावर अशाच एका बाईला विचारले, "मावशी, ताजी आहेत ना?" ती म्हणाली, "दादा, रातीला रानात व्हती, आता तुमच्या म्होरं हायेत. मी मधी कुठं ठेवू?" एवढ्यात एक सुशिक्षित जोडपे आले आणि त्यांनी भाजी सेंद्रिय आहे का म्हणून विचारले. बाई माझ्या तोंडाकडे पाहू लागली. जी वस्तू जन्मतःच तशी आहे तिला त्या नावाची गरज पडत नाही, आणि म्हणूनच तिला त्या नावाचा भाव मिळत नाही. तेच शेवळ निवडून, पिशवीत घालून, वर हिरव्या अक्षरांची चिठ्ठी लावली की त्याचा दर चढतो. त्या चिठ्ठीचे पैसे बाईला मिळत नाहीत.

आणि आता भात. येथे मात्र मला हातचे राखून बोलता येणार नाही, कारण आमचे खाचर आहे.

आटगावहून वाडा काही लांब नाही, मध्ये तानसाचे रान. वाड्याचा कोलम, ज्याला जुने लोक झिणी म्हणत, त्या बारीक, हलक्या तांदळाचे नाव मुंबईच्या घराघरांत पोहोचलेले आहे. नाव इतके चालले की मालापेक्षा नाव जास्त विकू लागले. वाडा तालुका लहान, त्याची खाचरे मोजकी, आणि त्या नावाच्या गोण्या मात्र प्रत्येक शहराच्या प्रत्येक गल्लीत. दुसऱ्या प्रांतांत पिकलेला कोलमही वाड्याच्या नावाने खपतो, ही तिकडच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार. २०२१ साली वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे १९९९ च्या कायद्याप्रमाणे आता ते नाव त्या मातीचे झाले. चांगली गोष्ट झाली, पण कागदावर मिळालेले नाव गोणीवर राखावयाचे तर प्रत्येक गल्लीत पहारा हवा, आणि शेतकरी पेरणी सोडून पहारा करू शकत नाही.

नावाची याहून विलक्षण कथा विदर्भातली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड या खेड्यात दादाजी खोब्रागडे नावाचे अल्पभूधारक शेतकरी होते. शाळा तिसरीपर्यंत. त्यांना १९८३ साली आपल्या शेतात काही निराळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढविल्या, आणि एक नवे बारीक वाण सिद्ध केले. भात बाजारात गेला. एका व्यापाऱ्याने त्याला नाव दिले 'एचएमटी'. का? तर त्या वेळी त्या नावाचे मनगटी घड्याळ फार खपत होते. तांदळाचा आणि घड्याळाचा संबंध काय? काही नाही. पण घड्याळाचे नाव लोकांच्या तोंडी होते, ते तांदळाला लागले आणि तांदूळ प्रांतोप्रांती पसरला. कृषी विद्यापीठाने १९९८ मध्ये त्याचीच सुधारित आवृत्ती आपल्या आद्याक्षरांसह प्रसृत केली. खोब्रागडे यांना पुरस्कार मिळाले, सत्कार झाले, शाली मिळाल्या. पण पैशाची ददात काही संपली नाही. २०१८ च्या जूनमध्ये ते वारले. ज्या घड्याळाचे नाव तांदळाला दिले होते त्या कंपनीचा घड्याळांचा कारखाना त्याच्याही आधी बंद पडला होता. घड्याळ गेले, निर्माता गेला, आणि नाव तेवढे वाण्याच्या पाटीवर खडूने लिहिलेले अजून चालते आहे.

या कथेतला व्यापारी दुष्ट नव्हता. त्याने बारसे केले, आणि बारसे झाल्यावाचून माल बाजारात चालत नाही, हे त्याला ठाऊक होते. खोब्रागड्यांना ते ठाऊक नव्हते. आपल्या शेतकऱ्याला बी निवडता येते, नाव ठेवता येत नाही. आपले टीकाकारही 'जाहिरात म्हणजे फसवणूक' एवढे म्हणून स्वस्थ बसतात, आणि नाव ठेवण्याची विद्या ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच ती राहते.

ती विद्या मालकाच्या हाती राहू शकते, हे गिरगावातल्या सात बायकांनी १९५९ साली दाखविले. उसने आणलेले ऐंशी रुपये, इमारतीची गच्ची, आणि पापड. पुढे 'लिज्जत' हे नाव आले, रामदास पाध्यांचा बोलका ससा दूरदर्शनवर आला, हजारो बायका त्यात आल्या. पण नाव लाटणाऱ्या बायकांच्या संस्थेचेच राहिले आणि लाटणारी प्रत्येक जण त्यात भागीदार राहिली. आमच्या तालुक्यातल्या बचतगटांच्या बाया आता नाचणीचे पापड आणि मोहाचे लाडू करतात, त्यांच्या पिशव्यांवर छापलेली चिठ्ठी असते, अक्षरे जरा वाकडी, शुद्धलेखन बेताचे. मी एकदा मोठ्या हौसेने ते सुधारून देऊ केले. गटाची अध्यक्षा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मास्तर, चुकीचं लिवलंय म्हणून लोकांना आमचंच वाटतं." जाहिरातशास्त्राचे याहून मोठे सूत्र मला कोणत्या ग्रंथात मिळाले असते, ठाऊक नाही.

राहिली माझी स्वतःची गोष्ट, ती सांगून टाकतो. गेल्या वर्षी आमच्या खाचरातला भात निघाला. नेहमीप्रमाणे बहुतेक साळ व्यापाऱ्याला गेली, बिननावाची, तो म्हणेल त्या भावाने. घरापुरते सडून ठेवले. पुढे मुलुंडला भाच्याच्या घरी जावयाचे होते, थोडा तांदूळ न्यावा म्हटले, तर घरात धड पिशवी नाही. फळीवर वाडा कोलमची एक छापील पिशवी रिकामी पडली होती. केव्हातरी शहरातून आणलेली, त्यातला तांदूळ खाताना आत्याने तोंड वाकडे केले होते, हेही मला आठवत होते. त्याच पिशवीत आमचा तांदूळ भरला आणि नेला.

आठ दिवसांनी भाचेसुनेचा मोबाईल आला. "मामा, भात काय सुरेख झाला! शेजारच्या काकूंनी वासावरून ओळखला, म्हणाल्या, हाच खरा वाडा कोलम. इथे मिळतो तो नकली. तुम्ही कोणत्या दुकानातून घेतलात?"

आपल्या खाचराचे नाव सांगावे असे माझ्या ओठांवर आले होते. पण आमच्या खाचराला नावच नाही. आम्ही त्याला 'खालचे' म्हणतो, कारण दुसरे वरचे आहे. मी काहीतरी हूं-हूं करून विषय टाळला आणि फोन ठेवला. आत्या पलीकडे बसून तांदूळ निवडीत होती, तिने सर्व ऐकले होते.

"पिशवी परत आणलीस का?" तिने विचारले.

"नाही. तिकडेच राहिली."

"मग मागवून घे," ती म्हणाली, "औंदाही लागेल."